चौदा नोव्हेंबरची हजेरी

"आई, इकडं बघा जरा. हं, तसंच. आता डोळे मिटा. उघडा. परत मिटा बघू."

"कशाला गं?"

"फोटो काढतेय. हलू नका."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात शेंगदाण्याच्या कुटाची वाटी. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, पदर सारखा केला आणि चष्मा काढला. फोटो म्हटलं की त्या चष्मा काढायच्याच. चौथीच्या वर्गाबरोबर दर वर्षी फोटो निघायचा, तेव्हाची सवय. डोळे मिटले, उघडले, परत मिटले. फोनवरच्या गोलाची कड हिरवी झाली आणि माझं काम झालं.

"बघू, कसा आलाय."

"नीट नाही आला. नंतर काढू," असं म्हणून मी फोन घेऊन माझ्या टेबलाशी गेले. साडेदहाच्या मीटिंगला चार मिनिटं बाकी होती. सासूबाई पुढचं वर्षभर जिवंत आहेत, हे तेवढ्यात सरकारला कळवून मी मोकळी झाले होते.

ही गोष्ट २०२२ च्या नोव्हेंबरातली. माझ्या सासूबाई द्वारका शिंत्रे आजरा तालुक्यात अडतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे कोल्हापुरात राहायला आल्या, पण पेन्शनचं खातं काही त्यांनी आजऱ्यातून हलवू दिलं नाही. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जायचं, यादीत आपल्या नावापुढं सही करायची, म्हणजे आपण अजून आहोत हे सिद्ध होतं. त्या एका सहीसाठी सासूबाई तीन तास एसटीनं जायच्या आणि तीन तास परत यायच्या. आता हे घरबसल्या फोनवर होतं असं मला ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं आणि मला कोण आनंद झाला.

मी तेव्हा वेळ वाचवायच्या नादाला लागले होते. आमचं ऑफिस होतं गोकुळ शिरगावला, विम्याचे दावे तपासायचं काम. करोनात सगळ्यांना घरी बसवलं आणि नंतर मालकांनी जागाच सोडून दिली. दोन बस बदलून जायचं आणि दोन बस बदलून यायचं, ते कायमचं संपलं. मग मला चटकच लागली. भाजी फोनवर, लाइटबिल फोनवर, सासूबाईंचा डॉक्टरसुद्धा महिन्याआड फोनवर. नवरा सोलापूरकडच्या साखर कारखान्यात, गळीत हंगामात तोही फोनवरच. मुलगा पुण्यात शिकायला. घरात आम्ही दोघीच. जास्त वेगाचं इंटरनेट घेतलं तेव्हा घरातला जुना लँडलाइन फोन मी काढून टाकला, उगीच कोपरा अडवून बसला होता म्हणून.

सासूबाई म्हणायच्या, "जयू, एवढा वेळ वाचवतेस, तो ठेवतेस कुठल्या डब्यात? मला तर कधी दिसला नाही."

मी हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर मलाही तो कधी दिसला नव्हता. पूर्वी सहा वाजता ऑफिस सुटायचं. आता सुटायला ऑफिसच नव्हतं.

दहा तारखेला दुपारी सासूबाईंनी अंजिरी रंगाची सुती साडी इस्त्रीला दिली आणि लाडू वळायला बसल्या. मी पाणी प्यायला उठले तर म्हणाल्या, "सोमवारी सातची गाडी धरू. तुला रजा मिळते का बघ. नाही मिळाली तर मी जाईन एकटी."

"आई, जायची गरज नाही. तुमचा दाखला झालाय."

"कधी?"

"त्या दिवशी फोटो काढला ना, तेव्हाच."

त्यांचा लाडू वळणारा हात थांबला. "म्हणजे मी अजून आहे, हे तू परस्पर सांगून टाकलंस."

"परस्पर काय त्यात? डॉक्टर काय म्हणाले विसरलात? गुडघ्याला हिसका बसता कामा नये. त्या गाडीत तीन तास आदळत जायचं आणि..."

"सरकारनं ह्याच वर्षी पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट केली. आणि तू म्हणतेस बसू नका."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"बँकेला कळलं गं मी आहे ते," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांना कोण सांगणार?"

त्यांचे लोक म्हणजे त्यांना धरून बरोबरीचे अकरा मास्तर आणि बाया. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की सहीला जायचं ते चौदा नोव्हेंबरलाच. बालदिन, म्हणजे लक्षात राहतो. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. सही झाली की स्टँडसमोरच्या हॉटेलात जमायचं. तिथं होडगे गुरुजी, एके काळचे केंद्रप्रमुख, पिशवीतून शाळेचं असतं तसं हजेरीपत्रक काढायचे आणि एकेकाचं नाव पुकारायचे. ज्यानं त्यानं "हजर" म्हणायचं, सत्तरीच्या माणसांनी. एका हाकेला उत्तर आलं नाही तर दुसरी हाक. तरी आलं नाही तर नावापुढं पेन्सिलीचा ठिपका. मग सगळे चारच्या गाडीपर्यंत वाट बघायचे. गाडी सुटली की गुरुजी लाल शाईनं त्या नावावर रेघ ओढायचे. सहीला आला नाही म्हणजे माणूस राहिला नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता, आणि तोवर तो कधी चुकला नव्हता. अकराचे चार झाले होते. मग एक वर्ष करोनानं खाल्लं, दुसरं एसटीच्या संपानं. कोण राहिलंय, कोण गेलंय, तीन वर्षांत कुणालाच पत्ता नव्हता.

"मग फोन करा की," मी म्हटलं.

"कुणाला? गुरुजी फोन वापरत नाहीत. गोदाला फोनवर ऐकू येत नाही. आणि माझा फोन गणपतीत बादलीत पडला तो तू अजून आणून देतेयस."

गोदा म्हणजे गोदाक्का पोवार, उत्तूरच्या. नोकरीच्या सुरुवातीला दोघींची नेमणूक एकाच धनगरवाड्यावरच्या शाळेत झाली होती. एक खोली, एक स्टोव्ह, सहा वर्षं. लग्न झाल्यावरही सासूबाई पहिलं लोणचं मुरलं की बरणी आधी उत्तूरला पाठवायच्या, मग माहेरी.

मला हे सगळं माहीत होतं. पण सोमवारी माझ्या कामाची तपासणी होती, वरच्या साहेबांसमोर. रजा मागायची माझी हिंमत नव्हती आणि त्यांना एकटीला सोडायचीही नव्हती. गुडघा खरा होता, पण मी तो माझ्या सोयीनं पुढं केला होता, हे आज कबूल करते.

"पुढच्या वर्षी नक्की नेते," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या, आणि पुसलेला ओटा परत पुसायला लागल्या. राग आला की त्या काहीतरी पुसत बसायच्या. फळ्याची सवय.

सोमवारी सकाळी उठून बघते तर अंजिरी साडी नेसून, वेणी घालून त्या गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या. साडेनऊला त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात वहीच्या पानाची चिठ्ठी.

"हा गुरुजींच्या पुतण्याचा नंबर. जुन्या डायरीत मिळाला. तेवढा फोन करून सांग, द्वारका येत नाही, पण बरी आहे. बरी आहे, हे सांगायला विसरू नको."

"आत्ता करते."

करणारही होते. पण तेवढ्यात साहेब स्क्रीनवर आले. मी कानाला हेडफोन लावला आणि चिठ्ठी उडू नये म्हणून लॅपटॉपखाली सारली. बारा वाजता सासूबाई दारात येऊन काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, पण मी हात हलवून "हो हो" म्हटलं. त्या निर्धास्त होऊन गेल्या. त्यांनी "सांगितलंस ना?" असं विचारलं होतं, हे मला तीन दिवसांनी कळलं.

चार वाजता त्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "सुटली असेल गाडी." मग साडी बदलली. लाडवांचा डबा तसाच फळीवर राहिला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी कॉलवर होते. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. गॅसवाला येणार म्हणून दार उघडंच होतं. सहज वर बघितलं तर उंबऱ्यात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. बेल वाजवली नव्हती, हाकही मारली नव्हती. मी हातानंच "या, बसा" अशी खूण केली. ते आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला टेकले. मान खाली.

मी माइक बंद केला. "कोण आपण?"

"मी होडगे. आजऱ्याहून आलोय."

"अगंबाई, गुरुजी. पाणी आणते थांबा."

"पाणी नको." त्यांनी हात वर केला. मग फरशीकडं बघतच म्हणाले, "कळवायला पाहिजे होतं सूनबाई. मातीला तरी आलो असतो. गोदाक्काला उचलून आणली असती."

"कुणाच्या मातीला?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "द्वारकाबाईंच्या."

तेवढ्यात मोरीची कडी वाजली आणि सासूबाई डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आल्या. "जयू, कोण आलंय गं?"

गुरुजी उठून उभे राहिले. उठताना पिशवी मांडीवरून खाली पडली. लॅपटॉपवर सात चेहरे बोलत होते, आवाज माझ्या एकटीच्या कानात. मी हेडफोन काढून ठेवला.

"शिंत्रेबाई," गुरुजी म्हणाले. आवाज एकदम शाळेतला, केंद्रप्रमुखांचा. "चौदा तारखेला कुठं होता?"

आणि ते रडायला लागले. ऐंशी वर्षांचा माणूस, टोपी हातात घेऊन, उभ्या उभ्या. सासूबाई पुढं झाल्या, त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाल्या, "आहे मी गुरुजी. काही झालेलं नाही मला. निरोप नाही मिळाला तुम्हाला?"

"कसला निरोप? चारपर्यंत बसलो आम्ही दोघं. बाकी कुणी नव्हतंच. बँकेत विचारलं तर पोरगं म्हणालं, शिंत्र्यांच्या नावापुढं सही नाही. मग हॉटेलवाल्याच्या फोनवरून तुमच्या घरी लावला. नंबर पाठ आहे माझा. तर ती बाई म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. तीनदा लावला. तीनदा तेच."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघितलं. लॅपटॉपच्या खालून वहीच्या पानाचा कोपरा बाहेर आला होता, निळ्या रेघांचा. मी बघतेय ते त्यांनी बघितलं, आणि मग त्यांनाही दिसला.

"माझंच चुकलं गुरुजी," सासूबाई म्हणाल्या. "निरोप द्यायचा माझ्याकडनंच राहिला. वय झालं आता."

माझ्याकडं न बघता म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर बरं वाटलं असतं. मला तिथंच खरं सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही.

गुरुजींनी पिशवी उचलली आणि हजेरीपत्रक काढून मांडीवर उघडलं. जुनं, कडा चुरगळलेलं, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेला. अकरा नावं, त्यातल्या आठांवर लाल रेघ. आठवी रेघ ताजी होती, करोनात गेलेल्या सुतार गुरुजींची.

"तुमची ओढली नाही अजून," ते म्हणाले. "पेन काढलं होतं मी. गाडी सुटली होती. पण गोदाक्कानं पानावर हात ठेवला. म्हणाली, ओढायची तर माझ्या हातावरनं ओढा. आधी कोल्हापूरला जाऊन बघून या, मग ओढा. तिला आता डोळ्यानं दिसत नाही. पण कुठलं नाव कुठं आहे ते बोटाला बरोबर ठाऊक."

"दिसत नाही? आणि आली कशी?"

"नातवाच्या पाठीला धरून, मोटरसायकलवर. तिच्या घरच्यांनी दाखला फोनवरच करायला बघितलं होतं. पण ह्या डोळ्यांची उघडझाप त्या फोनला कळेचना. तिची सून म्हणाली, बरं झालं, ह्यांना जायचंच होतं. द्वारका येणार, द्वारका येणार, असं चाललं होतं तिचं आठ दिवस. आता मात्र लक्षण बरं नाही. चौदापासून अन्न गिळत नाही. भिंतीकडं तोंड करून पडलीय. म्हणून म्हटलं, आपण जाऊन खरं काय ते बघावं."

सासूबाई उठल्या. पंचा सोडून खुर्चीवर टाकला, ओल्या केसांचा तसाच अंबाडा घातला.

"जयू, उत्तूरवरनं जाणारी गाडी किती वाजता?"

"आई, तुमचा गुडघा."

"गुडघा मला बी हाय आणि तिला बी," त्या म्हणाल्या. त्या अशा बोलायच्या नाहीत कधी. शुद्धलेखनाचे मार्क कापणारी बाई. "गाडी किती वाजता ते सांग."

मला माहीत नव्हतं. कुठलीच गाडी किती वाजता सुटते हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. साहेब काहीतरी विचारत होते, ते अर्ध्यातच राहिले. चिठ्ठी उचलून मी कमरेला खोचली आणि फळीवरचा डबा काढला.

बाराच्या गाडीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. त्या दोघांना तिकीट नाही, माझं एकटीचं. कागल गेलं, निपाणी गेली. फोन वाजत राहिला, मग मी तो पर्समध्ये टाकला. ते दोघं अकरा जणांपैकी एकेकाच्या गोष्टी काढत होते, कोण कसा डुलक्या घ्यायचा, कुणी तपासणीसाला आंबट ताक पाजलं होतं. कडेला उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मला दोन-अडीच तास काही काम नव्हतं. खिडकीशी बसून नुसतं बघायचं मी विसरून गेले होते. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "आज वेळेचा डबा उघडलास वाटतं."

मी म्हटलं, "आई, तुम्ही खोटं का सांगितलंत गुरुजींना?"

"पाहुण्यासमोर घरातल्या मुलाला मारायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि परत गुरुजींशी बोलायला लागल्या.

उत्तूरला स्टँडपासून घर जवळच. गोदाक्कांच्या सुनेनं दार उघडलं. गुरुजींना बघून तिचा चेहरा पडला, आणि मागं सासूबाईंना बघून ती दोन पावलं मागं सरली. त्यांना तिनं कधी बघितलं नव्हतं, पण घरातल्या जुन्या फोटोत बघितलं असणार. ती काही बोलायच्या आत गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडं तोंड करून एक लहानशी बाई निजली होती. शेजारी स्टुलावर भात-दूध, वर साय धरलेलं. गुरुजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, पिशवीतून हजेरीपत्रक काढलं, खाकरले आणि वर्गात पुकारावं तसं पुकारलं.

"गोदावरी पोवार."

मग भिंतीकडूनच, "हजर. आणा गुरुजी, ओढा रेघ. बघून आलात ना."

"द्वारका शिंत्रे."

सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. डोळ्यांतून नुसत्या धारा. मला वाटलं आपण बोलावं, पण ते उत्तर माझं नव्हतं.

गुरुजींनी थोडं थांबून दुसरी हाक दिली. "द्वारका शिंत्रे."

"हजर," सासूबाई म्हणाल्या.

गोदाक्का वळल्या. वळायला त्यांना वेळ लागला, सुनेनं पाठीला हात दिला. त्यांनी हवेत हात पुढं केला आणि सासूबाई त्या हाताखाली जाऊन बसल्या. कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ, बोटांनी सगळं तपासून झालं. मग त्या म्हणाल्या, "उशीर का झाला?"

"गाडी चुकली."

"तीन दिवस?"

दोघी हसायला लागल्या. हसताना रडत होत्या की रडताना हसत होत्या, कोण जाणे. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. मला तिथं उभं राहवेना. मी कमरेची चिठ्ठी काढली.

"आक्का," मी म्हटलं, "गाडी चुकली नाही. आईंनी निरोप दिला होता. माझ्याकडं दिला होता. चिठ्ठी माझ्याकडंच राहिली. त्यांनी विचारलं तेव्हा मी न ऐकताच हो म्हटलं. आणि त्यांना यायचं होतं, मीच येऊ दिलं नाही."

"ही कोण?" गोदाक्कांनी विचारलं.

"माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "जयमाला."

"नोकरी करते म्हणाली होतीस ती? कुठं असते नोकरी?"

"घरातूनच करते आता," मी म्हटलं. "घरी असते मी. दिवसभर."

गोदाक्कांनी माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. रागानं नव्हे, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग घरात असून निरोप राहिला होय गं?"



त्यांनी एवढं म्हटलं आणि विषय सोडून दिला. "डब्यात काय आहे? शेंगदाण्याचा वास येतोय मघापासनं." सासूबाईंनी लाडू फोडून अर्धा त्यांच्या तोंडात घातला. त्या सावकाश चावत राहिल्या, गिळला, आणि उरलेला अर्धाही मागितला. सून दाराआड जाऊन पदरानं डोळे पुसत होती. ती मला म्हणाली, "चार दिवसांत पहिला घास." आम्ही दोघी सुना तिथं उभ्या राहून एका म्हातारीचं खाणं बघत राहिलो.

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या मागच्या रबरानं हजेरीपत्रकात सासूबाईंच्या नावापुढचा ठिपका खोडला.

नोकरी गेली नाही. साहेब दोन दिवस फुगून होते, मग विसरले. पुढच्या फेब्रुवारीत गोदाक्का गेल्या, झोपेतच. आम्ही मातीला होतो. नंतरच्या पावसाळ्यात गुरुजी गेले, आणि त्यांचा पुतण्या एक दिवस खाकी पुठ्ठ्याचं ते हजेरीपत्रक आमच्या घरी आणून देऊन गेला. "काकांनी सूनबाईंना द्यायला सांगितलंय," म्हणाला. आत लाल पेन आणि पेन्सिल दोन्ही होती.

तेव्हापासून दर चौदा नोव्हेंबरला मी सासूबाईंना घेऊन सातच्या गाडीनं आजऱ्याला जाते. फोनवरचा दाखला परत काढला नाही. त्या यादीवर सही करतात, मग आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतो आणि मी नावं पुकारते. अकराच्या अकरा. सासूबाई म्हणतात, कुठलंही गाळायचं नाही, आणि प्रत्येक नावानंतर थांबायचं. पहिल्या वर्षी हॉटेलवाला विचित्र नजरेनं बघत होता. आता तोही काउंटरवर थांबून ऐकतो. शेवटचं नाव शिंत्र्यांचं, त्याला तेवढं उत्तर येतं.

गेल्या वर्षी नावं संपवून मी चहा मागवला. ऑफिसातून काहीतरी निरोप आला होता, तो बघायला फोन हातात घेतला. सासूबाईंनी माझ्यापुढचं हजेरीपत्रक ओढून घेतलं, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं खाली काहीतरी लिहिलं. मी बघितलं, पण माझं लक्ष नव्हतं. मी बोटानं उत्तर लिहीत होते.

"जयमाला शिंत्रे," त्यांनी पुकारलं.

"हं, एक मिनिट आई."

त्या थांबल्या. गुरुजी थांबायचे तेवढ्याच. हॉटेलातला आवाज कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मी मान वर केली. पानावर अकरा नावांखाली बारावं नाव लिहिलेलं होतं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल त्याच्यापुढं, ठिपका द्यायला टेकवलेली होती. चष्म्यावरून त्या माझ्याकडं बघत होत्या.

"जयमाला शिंत्रे," त्यांनी दुसरी हाक दिली.

मी फोन पालथा ठेवला आणि "हजर" म्हटलं.